अमेरिकेतला तिसरा उमेदवार कुठे अडतो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत दोन सूर हमखास असतात. एक म्हणतो, एवढ्या मोठ्या देशाला दोनच माणसांतून एकाला निवडावे लागते, मग ती कसली लोकशाही? दुसरा म्हणतो, तिसऱ्याला मत देणाऱ्यांनी मते खाल्ली आणि नको तो माणूस निवडून आणला. दोन्हींत खापर मतदाराच्या डोक्यावर फुटते, आणि ते मला अन्यायाचे वाटते. तिथे दोनच पक्ष उरतात ते नियमांमुळे, आणि त्यातले बहुतेक नियम वॉशिंग्टनमध्ये ठरत नाहीत. पन्नास राज्यांच्या विधिमंडळांत ठरतात. म्हणून ‘तिसऱ्याला मत द्यावे की नाही’ याला देशभर लागू पडेल असे एक उत्तर नाही. आधी राज्य कोणते, ते विचारावे लागते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. घटना फक्त एवढे सांगते की प्रत्येक राज्याने इलेक्टर नेमावेत आणि त्यांनी अध्यक्ष निवडावा. राज्याचे प्रतिनिधीगृहात जितके सदस्य, अधिक दोन सिनेटर, तितके इलेक्टर. सगळे मिळून ५३८, त्यात राजधानी वॉशिंग्टनचे ३. जिंकायला २७० लागतात. मतदार उमेदवाराच्या नावाशेजारचा लंबगोल काळा करतो तेव्हा त्याचे मत त्या उमेदवाराच्या इलेक्टरांच्या अख्ख्या यादीला जाते. ४८ राज्यांत आणि राजधानीत जो पहिला येईल, मग तो एका मताने का असेना, त्याची पूर्ण यादी निवडून येते. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये प्रत्येक मतदारसंघाचा इलेक्टर वेगळा मोजतात. ‘जिंकेल त्याला सगळे’ ही अट घटनेत नाही. ती राज्यांनी आपापल्या कायद्याने घातली आहे, आणि राज्यांनाच ती बदलता येते.

या एका अटीचा परिणाम पाहा. १९९२ मध्ये रॉस पेरो या अपक्ष उद्योगपतीला देशभरात १८.९ टक्के, म्हणजे दोन कोटींच्या जवळपास मते पडली. इलेक्टर मिळाला एकही नाही. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना १३.५ टक्केच मते होती, पण इलेक्टर मिळाले ४६. पेरो यांची मते कणकेत मीठ मिसळावे तशी देशभर सारखी पसरली होती, कुठल्याच राज्यात ते पहिले आले नाहीत. वॉलेस यांची मते दक्षिणेत गोळा झालेली होती. वंशभेदाचे समर्थन करून त्यांनी तिथली पाच राज्ये जिंकली. म्हणजे ही पद्धत तिसऱ्याला सरसकट बाहेर ठेवत नाही. जो देशभर थोडाथोडा आवडतो त्याला ती शून्य देते आणि जो एका प्रदेशाची चूड पेटवतो त्याला बक्षीस देते. मला यातला हा भाग सर्वांत वाईट वाटतो, आणि तो फार कमी लिहिला जातो.

आपल्याकडेही ज्याला जास्त मते तो विजयी, मग आपल्याकडे इतके पक्ष कसे, असे कोणी विचारील. फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५० च्या दशकातच मांडले होते की अशा मतमोजणीत कालांतराने दोन पक्ष उरतात. भारतात ते राज्यापुरते बऱ्याच ठिकाणी खरे ठरते, देशापुरते नाही, कारण इथे निवडणुकीनंतरही सौदा करता येतो. सात खासदारांचा पक्षसुद्धा पंतप्रधान ठरवताना वजन टाकतो आणि मंत्रिपद मिळवतो. अमेरिकेत अध्यक्षपद एकच, त्याची वाटणी होत नाही. आघाडी करायची तर मतदानाआधीच करावी लागते, आणि तिथले दोन मोठे पक्ष म्हणजे अशा मतदानाआधीच बांधलेल्या आघाड्याच आहेत.

समजा, एखाद्या तिसऱ्याने दोन-चार राज्ये जिंकली आणि कोणालाच २७० मिळाले नाहीत, तर काय? १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते. पहिल्या तिघांतून एक निवडायचा, पण तिथे मत सदस्यागणिक नसते, राज्यागणिक असते. कॅलिफोर्नियाचे ५२ सदस्य मिळून एक मत आणि वायोमिंगचा एकुलता एक सदस्य म्हणजेही एक मत. २६ राज्ये ज्याच्या बाजूने तो अध्यक्ष. उपाध्यक्ष मात्र सिनेट निवडणार, तोही पहिल्या दोघांतून. १८२४ मध्ये हे घडले. अँड्र्यू जॅक्सन ९९ इलेक्टर घेऊन सर्वांत पुढे होते, पण बहुमताला १३१ हवे होते. प्रतिनिधीगृहाने ८४ वाल्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडले. आज त्या सभागृहातली राज्ये दोन पक्षांतच वाटलेली आहेत. म्हणजे तिसऱ्याने कष्ट करून राज्ये जिंकली, तरी शेवटचा कौल दोघांपैकी एका पक्षाच्या हाती जातो. नव्या पक्षाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हा दरवाजा सर्वांत आधी तपासायला हवा. जुलै २०२५ मध्ये एलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ जाहीर केली तेव्हा चर्चा पैशाचीच झाली. पैशाने सह्या गोळा करता येतात. हा दरवाजा पैशाने उघडत नाही.

आता ‘मते खाल्ली’ या आरोपाकडे येतो. त्याचे मूळ उदाहरण २००० सालचे, फ्लोरिडाचे. जॉर्ज बुश तिथे ५३७ मतांनी जिंकले, राज्याचे २५ इलेक्टर त्यांना मिळाले आणि देश २७१ विरुद्ध २६६ असा त्यांच्याकडे गेला. देशभरची एकूण मते मोजली तर अल गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना फ्लोरिडात ९७,४८८ मते होती, आणि तेव्हापासून नेडर हे नाव ‘खेळ बिघडवणारा’ या अर्थानेच घेतले जाते. पण त्याच राज्याचा निकाल खालपर्यंत वाचा. मतपत्रिकेवर दहा उमेदवार होते आणि त्यांत सर्वांत कमी मते मिळवणाऱ्यालाही ५६२ मते होती. म्हणजे आठही छोट्या उमेदवारांपैकी कोणाकडेही बोट दाखवून ‘याने निकाल फिरवला’ असे म्हणता येते. जे विधान आठ जणांना सारखेच लागू पडते, ते कोणालाच फारसे लागू पडत नाही.

ती दहा नावे आली कशी आणि त्यांचे पुढे काय झाले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. फ्लोरिडाने १९९८ मध्ये घटनादुरुस्ती करून छोट्या पक्षांना मतपत्रिकेवर येणे सोपे केले. हेतू चांगला होता. पाम बीच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वयस्कर मतदार पुष्कळ. दहा नावे एका पानावर बसवायची तर अक्षर बारीक करावे लागले असते. म्हणून तिथल्या निवडणूक कार्यालयाने अक्षर मोठे ठेवले, नावे समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि टोचायची भोके मधल्या पट्टीत एकाखाली एक ठेवली. डाव्या पानावर पहिले नाव बुश, दुसरे गोर. उजव्या पानावर पहिले नाव रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्यूकॅनन, आणि ते बुश-गोर यांच्या मधल्या उंचीवर. पट्टीतले पहिले भोक बुश यांचे, दुसरे ब्यूकॅनन यांचे, तिसरे गोर यांचे. डावीकडची यादी वाचत आलेल्याने दुसऱ्या नावासाठी दुसरे भोक टोचले की मत ब्यूकॅनन यांना. चूक लक्षात येऊन तिसरेही टोचले की मतपत्रिका बाद. ब्यूकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मते पडली आणि एकाहून अधिक भोके पडल्यामुळे बाद झालेल्या मतपत्रिका १९ हजारांच्या घरात गेल्या. राज्याचा फरक ५३७. नेडर यांच्या मतदारांनी आपले मत हवे तिथे दिले होते. या मतदारांचे मत हवे तिथे पोचलेच नाही. गोर स्वतःच्या टेनेसी राज्यात हरले, तिथले ११ इलेक्टर मिळाले असते तरी फ्लोरिडाची गरज पडली नसती, हेही विसरून चालणार नाही.

आरोप एकाच बाजूने होतो असेही नाही. २०१६ मध्ये मिशिगन १०,७०४ मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेले आणि तिथे ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर मते होती, डेमोक्रॅट चिडले. २०२० मध्ये बायडन यांनी अ‍ॅरिझोना १०,४५७, जॉर्जिया ११,७७९ आणि विस्कॉन्सिन २०,६८२ मतांनी जिंकले, आणि या तिन्ही राज्यांत लिबर्टेरियन पक्षाच्या जो जॉर्गेन्सन यांची मते त्या फरकापेक्षा जास्त होती. ही तीन राज्ये उलटी पडली असती तर सामना २६९-२६९ असा बरोबरीत सुटून वर सांगितलेल्या प्रतिनिधीगृहाकडे गेला असता. या बेरजेत एक गृहीत लपलेले असते: तिसरा नसता तर त्याचा प्रत्येक मतदार आपल्याच माणसाला मत द्यायला आला असता. त्यातले कित्येक घरीच बसले असते, काही समोरच्याकडे गेले असते. आपल्याकडे २०१९ च्या लोकसभेनंतर नांदेड आणि सोलापूरच्या निकालावरून वंचित बहुजन आघाडीवर हेच शेरे मारले गेले. तिथेही गृहीत तेच होते.

मतदाराला तिसरे नाव दिसावे यासाठी आधी ते छापले गेले पाहिजे, आणि खरी चाळणी तिथे लागते. देशपातळीवर एक अर्ज भरला की झाले, असे तिथे नसते. प्रत्येक राज्याचा सह्यांचा आकडा वेगळा, मुदत वेगळी, कागद वेगळा. टेनेसीत अपक्ष अध्यक्षीय उमेदवाराला २७५ सह्या पुरतात. २०२४ साठी टेक्सासमध्ये १,१३,१५१ लागत होत्या, त्याही मार्चच्या प्रायमरीनंतर (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे आधीचे मतदान) मे महिन्याच्या मध्यापर्यंत, आणि त्या वर्षी कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत ज्याने मत दिले त्याची सही चालत नाही. कॅलिफोर्नियात २,१९,४०३. न्यूयॉर्कने २०२० मध्ये कायदा बदलून आकडा १५ हजारांवरून ४५ हजारांवर नेला आणि गोळा करायला दिले सहा आठवडे. सही करणाऱ्याने लिहिलेला पत्ता मतदार यादीशी जुळला नाही, एकाने दोनदा सही केली, नाव नोंदलेलेच नाही, एका काउंटीच्या कागदावर दुसऱ्या काउंटीची सही आली, अशी प्रत्येक सही गळते. प्रतिस्पर्धी पक्षाचे वकील एकेक कागद तपासून हरकती घेतात. म्हणून जाणकार मोहिमा हव्या त्याच्या दीडपट-दुप्पट सह्या गोळा करतात.

रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांची २०२४ ची अपक्ष मोहीम या सगळ्याचा धडा आहे. काही राज्यांत सह्यांच्या कागदावर उपाध्यक्षाचे नावही लागते. नेवाडात त्या नावाशिवाय सह्या घेतल्याने पेच पडला. न्यूयॉर्कमध्ये अर्जावर दिलेला पत्ता खरा निवासाचा नाही म्हणून ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्यांचे नाव काढायला सांगितले. २३ ऑगस्टला त्यांनी मोहीम थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला, पण मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये त्यांना नाव काढून घेता आले नाही. जिथे हवे होते तिथून नाव गेले, जिथे नको होते तिथे राहिले. न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर त्या वर्षी अध्यक्षपदासाठी छापील नावे दोनच उरली. तिथला मतदार मेंढरू असल्यामुळे हे झालेले नाही.

वादविवादाच्या मंचाचेही तसेच. १९८७ मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रमुखांनी मिळून एक आयोग स्थापला आणि २००० ते २०२० च्या वादविवादांसाठी त्याची अट होती की पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांच्या सरासरीत १५ टक्के असतील आणि २७० इलेक्टर मिळू शकतील इतक्या राज्यांत नाव असेल, तरच प्रवेश. मंचावर आल्याशिवाय १५ टक्के होत नाहीत आणि १५ टक्के झाल्याशिवाय मंच मिळत नाही. पेरो यांना १९९२ मध्ये मंच मिळाला, १९९६ मध्ये नाकारला गेला, मते १८.९ वरून ८.४ टक्क्यांवर आली. इतर कारणे होती, पण हे एक होतेच.

मग मतदाराने करायचे काय? पहिले उत्तर प्रायमरी. नोव्हेंबरमध्ये दोन नावे दिसतात, पण ती दोन नावे कोणती हे जानेवारी ते जूनमध्ये ठरते. बर्नी सँडर्स हे व्हरमाँटचे अपक्ष सिनेटर, पण २०१६ मध्ये ते तिसरे उमेदवार म्हणून उभे राहिले नाहीत. डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि ४३ टक्क्यांच्या आसपास मते घेतली. ट्रम्प यांनी २००० च्या निवडणुकीआधी पेरो यांच्या रिफॉर्म पक्षाच्या उमेदवारीची चाचपणी केली होती आणि माघार घेतली होती. पुढे ते रिपब्लिकन पक्षाच्याच दाराने आले. २०१६ च्या साउथ कॅरोलिना प्रायमरीत त्यांना ३२.५ टक्के मते पडली आणि पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे राज्याचे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी मिळाले, कारण उरलेली मते पाच जणांत फुटली होती. मते फुटण्याचा सगळ्यात मोठा फायदा-तोटा पक्षाच्या आत होतो, बाहेर नाही.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे. बेळगावात वाढलेले हे गृहस्थ मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून प्रतिनिधीगृहात आहेत. डेट्रॉइटचा हा भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा पक्का गड, त्यामुळे अटीतटीची निवडणूक झाली ती ऑगस्ट २०२२ च्या प्रायमरीत. नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार जिंकले २८ टक्के मतांवर. नोव्हेंबरमध्ये मत द्यायला गेलेल्या तिथल्या मतदाराच्या हाती फारसे काही उरले नव्हते.

प्रायमरीत मत द्यायचे तर त्या राज्याचा नियम आधी माहीत हवा. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात पक्षाच्या नावाने नोंदणी असल्याशिवाय त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येत नाही. नोंदणी करताना ‘कोणताही पक्ष नाही’ असा चौकोन भरून समाधान मानलेले नवे नागरिक इथे फसतात. प्रायमरीच्या दिवशी गेल्यावर कळते की आपल्यासाठी मतपत्रिकाच नाही. नॉर्थ कॅरोलिनात पक्षाविना नोंदलेल्याला कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. टेक्सास आणि जॉर्जियात पक्षनोंदणीच नसते. दुसरी अडचण तारखेची. २०२४ मध्ये बायडन आणि ट्रम्प या दोघांनीही १२ मार्चलाच पुरेसे प्रतिनिधी मिळवले. न्यूजर्सीची प्रायमरी होती ४ जूनला. तिथल्या एडिसन गावच्या मतदाराला प्रायमरीतही उशीर आणि नोव्हेंबरमध्येही राज्य ठरलेले.

आणि म्हणूनच, माझ्या मते, एडिसनच्या मतदाराने तिसऱ्याला दिलेले मत आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीच्या मतदाराने दिलेले मत यांना एकाच मापाने मोजू नये. न्यूजर्सी १९९२ पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेले आहे. तिथे तिसऱ्याला मत दिल्याने अध्यक्ष बदलत नाही, पण दोन कामे होऊ शकतात. देशभरात ५ टक्के मते ओलांडली तर त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीत सरकारी निधीचा वाटा मिळू शकतो. पेरो यांच्या १९९६ च्या मतांमुळे रिफॉर्म पक्षाला २००० मध्ये १.२६ कोटी डॉलर मिळाले होते. दुसरे, अनेक राज्यांत ठरावीक मते पडली की पुढच्या वेळी सह्यांशिवाय मतपत्रिकेवर जागा राहते. न्यूयॉर्कने हा उंबरा २ टक्के किंवा १ लाख ३० हजार, यांतला जो मोठा तो, असा वाढवला आणि २०२० मध्ये ग्रीन आणि लिबर्टेरियन पक्षांची जागा गेली.  कॅरीत चित्र वेगळे. ओबामा २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलिना चौदा हजारांच्या आसपास मतांनी जिंकले होते आणि लिबर्टेरियन उमेदवाराला तिथे त्याहून जास्त मते होती. तिथल्या मतदाराला दोघांपैकी एकजण दुसऱ्यापेक्षा नकोसा असेल, तर तिसऱ्याला मत देताना त्याने ती किंमत उघड्या डोळ्यांनी मोजली पाहिजे. पक्के राज्य कायम पक्के राहते असेही नाही. न्यूजर्सीत २०२० मध्ये १६ टक्क्यांच्या आसपास असलेला फरक २०२४ मध्ये सहावर आला.

२००० मध्ये काही मतदारांनी यावर स्वतःच तोड काढली होती. काठावरच्या राज्यातल्या नेडर समर्थकाने गोर यांना मत द्यायचे आणि बदल्यात पक्क्या राज्यातल्या गोर समर्थकाने नेडर यांना. शब्दावर चालणारी ही देवाणघेवाण बेकायदा ठरवायचा प्रयत्न झाला. २००७ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसते असा निर्णय दिला. मतदार विचार करत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरा उपाय जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये छोटा पक्ष मोठ्या पक्षाच्याच उमेदवाराला आपल्या रकान्यात उभे करू शकतो आणि दोन्ही रकान्यांतली मते एकत्र मोजली जातात. १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी न्यूयॉर्क जिंकले ते लिबरल पक्षाच्या रकान्यातल्या चार लाखांवर मतांमुळे. ती वजा केली तर ते हरतात. मत वाया जात नाही आणि छोट्या पक्षाचे वजनही आकड्यात दिसते. एकोणिसाव्या शतकात ही रीत बऱ्याच राज्यांत होती. नंतर बहुतेकांनी ती बंद केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी वैध ठरवली.

तिसरा उपाय पसंतीक्रमाचा, आणि तो समजायला महाराष्ट्रातल्या पदवीधराला अडचण येऊ नये. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनानेच नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीत कोणाचा कोटा पूर्ण झाला नाही की शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे जातात. मेनमध्ये हेच आकड्यांऐवजी गोलांच्या चौकटीत करतात: ओळीत उमेदवार, रकान्यात पसंती. एका रकान्यात दोन गोल काळे केले की ती पसंती धरली जात नाही. मेनने २०२० पासून आणि अलास्काने २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठीही ही पद्धत वापरली. इथे तिसऱ्याला पहिली पसंती देऊन दुसरी पसंती मोठ्या पक्षाला देता येते. मते खाण्याचा आरोप बराचसा संपतो.

बराचसा म्हणतो, कारण सगळा संपत नाही. अलास्काच्या ऑगस्ट २०२२ च्या प्रतिनिधीगृहाच्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट मेरी पेल्टोला जिंकल्या. दोन रिपब्लिकनांपैकी निक बेगिच पहिल्या फेरीतच बाद झाले, सारा पेलिन पुढे गेल्या आणि हरल्या. नंतर सगळ्या मतपत्रिका तपासल्यावर दिसले की समोरासमोरच्या लढतीत बेगिच दोघींनाही हरवू शकले असते. मधला, सर्वांना चालणारा माणूस पहिल्या पसंतीत कमी पडला की गळतो. शिवाय पुरेशा पसंत्या न भरलेल्या मतपत्रिका शेवटच्या फेरीत मोजणीबाहेर जातात. तरीही मला ही पद्धत सध्याच्यापेक्षा बरी वाटते. मतदारांचा कौल मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळा होता. कोलोरॅडो, आयडाहो, ओरेगन आणि नेवाडाने ती नाकारली, मिसुरीने तिच्यावर घटनेतच बंदी घातली आणि अलास्कात ती हजारपेक्षा कमी मतांच्या फरकाने टिकली. नेवाडात २०२२ मध्ये हाच प्रस्ताव मंजूर झाला होता. तिथे घटनादुरुस्तीला लागोपाठ दोनदा कौल लागतो आणि दुसऱ्यांदा तो मिळाला नाही. ज्यांना तिसरा पर्याय हवा आहे त्यांची लढाई अशा कौलांत आहे. अध्यक्षपदाच्या रकान्यात ती चार वर्षांतून एकदा फक्त दिसते.

आपल्याला एक विनंती आहे. २०२८ च्या निकालाचा तक्ता छापताना तिसऱ्या-चौथ्या उमेदवारांची मते ‘इतर’ या एका रकान्यात घालू नका. निदान काठावरच्या सात राज्यांपुरती, म्हणजे अ‍ॅरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, नॉर्थ कॅरोलिना, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनची, पहिल्या दोघांतला फरक आणि प्रत्येक छोट्या उमेदवाराची मते शेजारी शेजारी द्या. नेवाडाच्या मतपत्रिकेवर १९७६ पासून ‘यांपैकी कोणीही नाही’ अशी ओळ असते, आपल्या नोटाच्या कितीतरी आधीपासून. तिचा आकडाही द्या. आणि शक्य झाले तर वर्षाच्या सुरुवातीला राज्यवार प्रायमरीच्या तारखा आणि पक्षनोंदणीची शेवटची मुदत यांची एक चौकट छापा. ज्यांची मुले-सुना, भाऊ-बहिणी तिथे नागरिक झाले आहेत अशी पुष्कळ घरे आपला अंक वाचतात. ती चौकट वेळेत तिकडे पोचेल.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली